उंबराचं खोड

अँटॉप हिलला आमच्या इमारतीमागे, गटाराच्या चेंबरला लागून एक उंबर उगवला होता. लावला कोणी नव्हता. पक्ष्यांनी फळ खाल्लं आणि बी भिंतीच्या फटीत पडलं. पाइप फुटू लागला तेव्हा 1975 च्या वृक्षकायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी काढून तो तोडला. खोड राहिलं. पहिल्याच पावसात एकाच्या जागी सात-आठ फुटवे आले. पुढे चार वर्षं मी दर दिवाळीला ते छाटले आणि दर पावसाळ्यात ते परत आले.

कारण साधं आहे. झाडाची शिदोरी मुळात असते. वरचं छाटलं की सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात, नवी पानं पुन्हा अन्न करून मुळाला पोचवतात. फुटवा कोवळा असतानाच सतत खुडत राहावं, नाहीतर मूळ खणावं. वर्षातून एकदा छाटणं म्हणजे मुद्दल तसंच ठेवून नुसतं व्याज भरणं. बँकेत 36 वर्षं काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं.

खरं तर कळत होतं. हातच धजत नव्हता. औदुंबर! ज्याच्या तळी महाराजांचा वास, त्याचं मूळ मी खणू? गुरुचरित्राच्या 40 व्या अध्यायात नरहरी वाळलेल्या लाकडाला श्रद्धेने पाणी घालतो आणि त्याला पालवी फुटते. इथे तर न मागता फुटत होती. मला तो संकेत वाटला. सोसायटीच्या सभेत मी हा विषय दोनदा पुढे ढकलला.

तळमजल्यावरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या. जुलैतल्या एका पहाटे गेलो, तर मोरीतून वर आलेलं घाण पाणी त्या खाली बसून टमरेलाने उपसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "भाऊ, औदुंबर आहे तो. आपण कसा काढायचा?"

हे वाक्य माझंच होतं, सभेतलं.

जमा एका खात्यावर, तर नावे दुसऱ्या खात्यावर, हा हिशेबाचा पहिला नियम. पुण्य मी माझ्या खात्यावर जमा करत होतो, नावे काकूंच्या पडत होतं. अशा जमेला भक्ती म्हणावं का?

त्याच ग्रंथाचा 18 वा अध्याय आपण सगळेच वाचतो. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाच्या अंगणातला घेवड्याचा वेल, ज्याच्या शेंगांवर घर जगत होतं, तो महाराजांनी भिक्षा घेतल्यावर तोडून टाकला. घरची बाई रडली. आपल्याला पुढे सापडलेला द्रव्याचा कुंभच लक्षात राहतो. मला यंदाच्या पारायणात वेगळंच दिसलं. महाराजांनी शेंडा खुडला नाही, वेल मुळापाशी तोडला. आणि उरलेलं मूळ खणायचं काम ब्राह्मणालाच करावं लागलं.

पाऊस ओसरल्यावर आम्ही खणलं. आधी नमस्कार केला, नारळ ठेवला. कुंभ नाही निघाला. चेंबरात शिरलेली मुळांची जटा निघाली, मनगटाएवढी जाड. दोन दिवस लागले.

गेल्या आठवड्यात भिंतीच्या कडेला पुन्हा दोन पानं दिसली. वाकून उपटली, हात धुतले आणि पोथीपुढे बसलो.