आमदाराचे मत कुणाचे?

आमदार चांगला की वाईट हे आपण कशावरून ठरवतो? आमच्या सावरगावात हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तरे ठरलेली आहेत. मयतीला आला होता का, साक्षगंधाला पाच मिनिटे तरी बसला का, डीपी जळाली तेव्हा फोन उचलला का, पोरीच्या बदलीसाठी चिठ्ठी दिली का. या उत्तरांना मी हसत नाही. संत्र्याची बाग पाण्यावाचून सुकत असताना ज्याच्या वावरात वीज नाही, त्याला डीपी बदलून देणारा माणूस देवासारखाच वाटणार. दुःखात दाराशी येणाऱ्याला आपल्याकडे मान आहे आणि तो असावाही.

पण एक प्रश्न पारावर निघाल्याचे मला आठवत नाही. भोपाळच्या सभागृहात कायदा मताला टाकला गेला तेव्हा आपल्या माणसाने 'होय' म्हटले की 'नाही'? खरे पाहता आमदाराला आपण निवडून देतो ते याच कामासाठी. बदलीची चिठ्ठी तालुक्यातला वजनदार माणूसही देऊ शकतो. कायद्यावर मत देण्याचा अधिकार मात्र संविधानाने फक्त त्यालाच दिला आहे. म्हणजे जे काम फक्त तोच करू शकतो, नेमके त्याचाच हिशेब आपण मागत नाही.

एकदा मी हे संत्र्याच्या बागा करणाऱ्या एका शेजाऱ्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, "भाऊ, त्याचं मत म्हणजे त्याच्या पार्टीचं मत. आपल्याले विचारून काय भेटणार?" त्याचे बोलणे उडवून लावण्यासारखे नाही. त्याच्या या एका वाक्यातच सारा प्रश्न आला आहे. आमदाराचे मत नेमके कुणाचे? त्याचे स्वतःचे, पक्षाचे, की आपले?

आधी मत कसे पडते ते पाहू. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, सभासद ओरडतात, आणि भोपाळच्या सभागृहात घोषणा होते, "हाँ की जीत हुई." झाला कायदा. कोण ओरडले, कोण गप्प बसले, कोण त्या वेळी बाहेर चहा घेत होते, याची नावानिशी नोंद राहत नाही. कुणी आग्रह धरला तर मतविभागणी होते आणि मते मोजली जातात. पण असा आग्रह क्वचित धरला जातो. घटनादुरुस्तीची गोष्ट निराळी. तिथे विशेष बहुमत लागत असल्याने संसदेत मते मोजावीच लागतात. रोजचा कायदा, म्हणजे जमीन, वीज, शाळा, बाजार समिती यांचा कायदा, आवाजावर निघून जातो.

इतर देशांनी या बाबतीत आधीच विचार केलेला दिसतो. इंग्लंडच्या कॉमन्स सभेने कोणी कोणत्या बाजूला मत दिले याच्या याद्या 1836 पासून अधिकृतपणे छापायला सुरुवात केली. अमेरिकेच्या संविधानात तर सुरुवातीपासूनच तरतूद आहे की हजर सभासदांपैकी एकपंचमांश सभासदांनी मागणी केली तर प्रत्येकाचे होय-नाही नावानिशी नोंदवलेच पाहिजे. त्यामागचा विचार साधा आहे. जो दुसऱ्याच्या वतीने बोलतो, त्याचे बोलणे ज्याच्या वतीने बोलले त्याला कळले पाहिजे.

आवाजी मतदानाचा विचार करताना मला आमच्या जाम नदीचे पात्र आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पात्रात काय होते हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. मधोमध पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर आम्ही. गोटमारीच्या दिवशी ज्याचे डोके फुटते, त्याला गोटा कुणाचा लागला हे सांगता येत नाही. गर्दीतला प्रत्येक जण मनाशी म्हणतो, माझा तो नव्हता, माझा पाण्यात पडला. जखम खरी असते, मारणारा मात्र सापडत नाही. म्हणून वर्षानुवर्षे दवाखान्याच्या दारात रडणारी माणसे असतात आणि पश्चात्ताप करणारा कुणी नसतो.

पुष्कळांनी मिळून केलेल्या कृतीची जबाबदारी वाटून घेतली की कमी होते का? माझ्या मते होत नाही. शंभर जणांनी मिळून चूक केली तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभरावा हिस्सा येत नाही, प्रत्येकाच्या वाट्याला ती पूर्ण येते. आवाजी मतदान सभासदाला नेमकी याच्या उलट सवलत देते. कायदा चांगला निघाला तर गावात येऊन सांगता येते, आम्ही केला. वाईट निघाला तर सांगता येते, मी तर त्या दिवशी बोललोच नव्हतो. आमच्या काठावर उभा असलेला निदान कोणत्या काठावर आहे एवढे तरी दिसते!

आता शेजाऱ्याच्या आक्षेपाकडे येतो. मत पक्षाचे असते हे खरे आहे आणि त्याला इतिहासही आहे. 1967 साली याच मध्य प्रदेशात गोविंद नारायण सिंह यांच्यासह काँग्रेसच्या 36 आमदारांनी बाजू बदलली आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले. त्याच वर्षी हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. या बाजाराला आळा घालण्यासाठी 1985 मध्ये 52 वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिले तर सभासदत्व जाऊ शकते. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की साध्या कायद्यावरही सभासदाची सद्सद्विवेकबुद्धी पक्षाच्या कार्यालयात जमा झाली. सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या किहोतो होलोहान खटल्यात हा कायदा उचलून धरला, पण त्याच वेळी म्हटले की व्हिपचा हा धाक सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न आणि ज्या धोरणावर पक्षाने मते मागितली ते धोरण, एवढ्यापुरताच असावा. पक्षांनी त्या सूचनेकडे फारसे लक्ष दिले नाही.

आणि बाजार थांबला का? मार्च 2020 मध्ये आपण पुन्हा पाहिले. काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, आणि छिंदवाड्यातूनच निवडून आलेले मुख्यमंत्री कमलनाथ यांनी बहुमताची परीक्षा होण्याआधी, 20 मार्चला पद सोडले. कोणता पक्ष बरोबर हा माझा विषय नाही. वाचक आपापले ठरवतील. मला दिसते ते एवढेच की त्या 22 जणांना 'नाही' म्हणण्यासाठी सभागृहात उभे राहावे लागले नाही. व्हिप मोडायचा नाही आणि सरकारही राहू द्यायचे नाही, अशी तिसरी वाट निघाली. ज्या मतासाठी लोकांनी त्यांना पाठवले होते ते मत पडलेच नाही.

मग आमदाराने फक्त आपल्या मतदारांचे ऐकावे का? याचे एक प्रसिद्ध उत्तर एडमंड बर्कने 1774 मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना दिले. मी तुमचा निरोप्या नाही, माझी बुद्धी तुमच्या सेवेसाठी आहे आणि ती तुमच्या मर्जीपुढे गहाण टाकली तर तो तुमचाच विश्वासघात होईल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पुढे आयर्लंडच्या व्यापाराच्या आणि कॅथलिकांच्या प्रश्नावर तो आपल्या मतदारांच्या विरुद्ध गेला आणि 1780 मध्ये त्याला ब्रिस्टलच्या निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. बर्कचे नाव घेऊन मतदारांना टाळणारे पुष्कळ आहेत. पण बर्कने आपली भूमिका उघड मांडली आणि तिची किंमत मोजली, हा अर्धा भाग ते विसरतात.

आपल्याकडेही अशी माणसे होऊन गेली. चिंतामणराव देशमुख कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते आणि देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याच्या प्रश्नावर त्यांनी 1956 मध्ये मंत्रिपद सोडले. मंत्रिमंडळात राहून गुपचूप नाराज राहणे त्यांना सोपे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 मध्ये हिंदू कोड बिलाच्या वेळी मंत्रिपद सोडले. पुढे 2 सप्टेंबर 1953 रोजी आंध्र राज्याच्या विधेयकावर राज्यसभेत बोलताना त्यांनी आग्रह धरला की भाषावार राज्यात जे थोडे उरतील त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालाला अधिकार हवेत. संविधानाचे काम करताना आपल्याला मनाविरुद्धही पुष्कळ करावे लागले, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले. कोणते मत आपले आणि कोणते दुसऱ्यासाठी चालवलेले, हे त्यांनी झाकून ठेवले नाही.

"भाषावार राज्यात जे थोडे उरतील" असे मी म्हटले, ते म्हणजे आपणच. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. इथून शंभरेक किलोमीटर. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळ झाली, अडीच पटीहून दूर. आता 2023 पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी 230 सभासदांच्या विधानसभेत आपले दोनच आमदार. मराठी शाळेचा प्रश्न असो की मराठी शिक्षकाचा, संख्येच्या बळावर आपण तो कधीच जिंकणार नाही.

मग आपल्या हाती काय उरते? कायदा आणि नोंद. त्याच 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने 350 क हे कलम आणले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. पण कलम स्वतःच्या पायाने भोपाळला जात नाही. कुणीतरी सभागृहात उभे राहून ते आठवून द्यावे लागते, हरणार हे ठाऊक असतानाही मतविभागणी मागावी लागते आणि हरलेले मत कागदावर उतरवावे लागते. ज्यांची संख्या मोठी आहे त्यांना आवाजी मतदान परवडते, कारण आवाज त्यांचाच मोठा. जे थोडे आहेत त्यांचा आवाज ऐकूच येत नाही, त्यांचे फक्त लिहिलेले टिकते. म्हणून सीमेवरच्या माणसाने तरी आमदाराच्या मताची नोंद मागितलीच पाहिजे असे मला वाटते.

यावर एक आक्षेप निघेल. मतदाराचे मत गुप्त असते, मग आमदाराचे उघड का? उत्तर असे की मतदाराचे मत त्याचे स्वतःचे असते आणि गुप्तता त्याला मालकापासून, सावकारापासून, दांडग्यापासून वाचवते. आमदाराचे मत ही त्याच्याकडे ठेवलेली आपली ठेव आहे. ठेव कुठे लावली हे ठेवीदाराला न सांगणाऱ्या बँकेत आपण पैसे ठेवू का? काही जण म्हणतात, उघड मतदानाने पक्षश्रेष्ठींचा वचक वाढेल. पण पक्षश्रेष्ठींना कोण कुठे आहे ते आजही ठाऊक असते. अंधारात राहतो तो फक्त मतदार.

या ठेवीची किंमत न्यायालयालाही उशिराच कळली. 1993 च्या अविश्वास ठरावात लाच घेऊन मत दिल्याचा आरोप असलेल्या खासदारांना सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये संरक्षण दिले, कारण सभागृहातल्या मताबद्दल खटला चालवता येत नाही. ज्याच्यावर लाच घेऊन मत न दिल्याचा आरोप होता, त्याला मात्र संरक्षण नाकारले! हा उलटा न्याय 4 मार्च 2024 रोजी सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने रद्द केला. विकलेले मत हे सभासदाचे स्वातंत्र्य नव्हे, हे मान्य व्हायला सव्वीस वर्षे लागली.

आपण काय करावे? माझे म्हणणे फार मोठे नाही. पुढच्या वेळी आमदार गावात येईल तेव्हा त्याला आदराने बसवावे, चहा द्यावा आणि डीपीचे बोलून झाल्यावर तीन गोष्टी विचाराव्या. या वर्षात कोणत्या कायद्यावर तुम्ही बोललात? कुठे 'होय' म्हटले आणि का? आणि पक्षाचे म्हणणे तुमच्या मनाला पटले नाही असे कधी झाले का, झाले तेव्हा काय केले? पहिल्या वर्षी तो हसेल. दुसऱ्या वर्षी उत्तर तयार करून येईल. तिसऱ्या वर्षी कदाचित सभागृहात तोंड उघडण्याआधी त्याला सावरगावचा पार आठवेल.

तेव्हा माझ्या शेजाऱ्याचे वाक्य अर्धेच खरे राहील. मत पक्षाचे असते, कारण पक्ष त्याला रोज विचारतो. आपण विचारू लागलो तर ते थोडेसे आपलेही होईल.