वेचणे आणि घेणे

मुलांना संगे घेऊन रानावनांतील वस्तू वेचाव्यात आणि त्यांतून एखादी सुंदर रचना साधावी, ही गोष्ट गोमंतकास नवी नव्हे. गणेशचतुर्थीची माटोळी हे तिचेच एक जुने रूप होय. सुपारीचे घोस, नारळ, तवशी यांच्या जोडीला रानातील कांगण्या व घागऱ्या आणावयास वडीलधाऱ्यांसह मुलेही रान धुंडाळीत, आणि देवाच्या मस्तकावर जणू रानाचेच छत्र उभे राही. परंतु वेचण्याच्या या निष्पाप कृत्यात एक नैतिक प्रश्न दडला आहे. त्याची जाणीव मला माझ्या धाकट्या नातीने करून दिली.

माघातील एका सकाळी नातवंडांसह मी समुद्रतीरी गेलो होतो. ओल्या वाळूवर मोर रेखावा व त्याचा पिसारा शंखशिंपल्यांनी भरावा, असा मुलांचा बेत होता. पाहता पाहता टोपली भरली. इतक्यात नातीच्या तळहातावरील शंख हलू लागला. आत एक चिमुकला खेकडा होता. ती म्हणाली, "आजोबा, हे तर त्याचे घर! मग आपण चोर झालो का?"

"आपण काही तोडले नाही, बाळ, पडलेलेच उचलले," असे मी उत्तर दिले खरे, परंतु त्याने माझेच समाधान झाले नाही. या जातीच्या खेकड्याचे पोट मऊ असते व ते झाकण्यास त्याला स्वतःचे कवच नसते. मेलेल्या सागरी गोगलगाईंचे रिकामे शंख शोधून तो त्यांत राहतो आणि वाढू लागला की मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवितो. म्हणजे आज रिकामा दिसणारा शंखही उद्या कोणाचे तरी घर ठरावयाचा! गळलेले पान मातीचे अन्न, पडलेले बीज उद्याचा वृक्ष. मग 'पडले ते बेवारशी' हा न्याय टिकावा कसा?

यावर कोणी म्हणेल, मुलांना वेचूच देऊ नये. मला हे मान्य नाही. ज्या हाताने कधी बी चाचपले नाही, त्या हाताला झाडाविषयी ममता कोठून यावी? भूमीवर पडलेले फूल देवाला वाहू नये, असा सामान्य संकेत आहे. पारिजातक मात्र त्याला अपवाद मानतात. पहाटे तो आपली फुले आपणच खाली टाकतो. निसर्ग देतो, यात शंका नाही. प्रश्न आहे तो आपण किती घ्यावे याचा.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. त्यांतील मधमाशीपासून तो दोन धडे घेतो: अनेक ठिकाणांहून थोडे थोडे घ्यावे, आणि साठा करू नये; कारण साठविणारी माशी साठ्यासह नाश पावते. लहानग्यांच्या टोपलीलाही हाच नियम लावता येईल. एकाच वेलीचे सारे घोस काढू नयेत. उचलण्यापूर्वी 'आत कोणी आहे काय?' हे पाहावे; आणि रचनेचा आनंद घेऊन झाला की जेथले तेथे परत द्यावे. मातीच्या गणपतीला भक्तिभावाने घडवून, पुजून, पुन्हा जलाच्या स्वाधीन करणाऱ्या आपल्या समाजाला हे कठीण का वाटावे?

त्या दिवशी खेकडा प्रथम पाण्याच्या कडेला सोडला. मोर पूर्ण झाला, आणि दुपारच्या भरतीने तो पिसाऱ्यासह नेला. थोरला नातू मात्र हिरमुसला. आईला दाखविण्यासाठी त्याला एक तरी शंख हवा होता. मी तो नेऊ दिला. ते योग्य झाले की नाही, याचा निर्णय माझ्याने अद्याप होत नाही. परंतु घरी पोहोचताच त्याने तो शंख कानाशी न लावता प्रथम आत डोकावून पाहिले, एवढे मी पाहिले आहे. अस्तेयाचा पहिला पाठ याहून निराळा तो काय असणार?