समोरून एक, बाजूनं एक

पॅरिसच्या पोलीस कचेरीत १८७९ साली अल्फोन्स बर्तियों नावाचा कारकून लागला. सुटलेला गुन्हेगार नाव बदलून पुन्हा यायचा. फोटोंचे ढीग होते, पण त्यातनं हवा तो काढायचा कसा? बर्तियोंनं डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, डावं पाऊल मापलं. मापांप्रमाणं कार्डं लावली. पुढं कार्डावर दोन फोटो ठरले : समोरून एक, बाजूनं एक. १८८३ साली त्यानं पहिला जुना कैदी मापांवरून हुडकून दाखवला.

यात वाईट काय? खरं बोलायचं तर काहीच नाही. कार्ड एवढंच म्हणतं : हा तोच. भलत्याच नावाखाली धरलेला निर्दोष माणूसही त्यानं सुटू शकतो.

घात पुढं आहे. 'हा तोच' वरून 'हा असलाच' ही उडी.

इंग्लंडात गाल्टननं १८७८ च्या सुमारास कैद्यांचे चेहरे एकावर एक छापले. गुन्हेगाराचा साचा सापडेल म्हणून. निघालं काय? चारचौघांसारखा माणूस! दुष्टपणा पार पुसला गेलेला. हे गाल्टननंच लिहून ठेवलं.

बर्तियोंही घसरलाच. १८९४ साली ज्यू कॅप्टन द्रेफ्यूसच्या खटल्यात तो अक्षराचा जाणकार म्हणून आला. अक्षर जुळेना, तर म्हणाला, यानंच मुद्दाम बदलून लिहिलंय. म्हणजे जुळलं तरी गुन्हेगार, न जुळलं तरी गुन्हेगार. द्रेफ्यूस निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं.

आपल्याकडं फोटोचीही गरज पडली नाही. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पोर जन्मलं की शिक्का. कायदा १९५२ साली गेला. शिक्का गेला का?

मग मापपट्टीच मोडायची? नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाची मापंच हातात घेतली आणि त्यांतूनच दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. माप खोटं नसतं. खोटा असतो तो माप घेण्याआधीच निकाल लिहून बसलेला.

आणि दोस्तांनो, तो फक्त ठाण्यात बसलेला नसतो. मोर्चात आपण गळा फाडून घोषणा देतो. पण आपल्या वस्तीत चोरी झाली की आपलं बोट पारध्याच्या पालाकडं जातं का नाही? तेव्हा कॅमेरा कुणाच्या हातात असतो?