जिवंत बाईला भूत समजण्याची गोष्ट

स्पॉयलर्सची सूचना आधीच देऊन ठेवते. ‘इन्सिडिअस’ मालिका बघायची राहिली असेल आणि शेवट आधी कळायला नको असेल, तर हा लेख नंतर वाचा.

२०१० साली आलेल्या पहिल्या भागाच्या शेवटी एलिस रेनियर मरते. एलिस म्हणजे त्या सिनेमातली अतींद्रिय शक्ती असलेली बाई. लॅम्बर्ट कुटुंबाचा मुलगा भुतांच्या जगात अडकलेला असतो, त्याला परत आणायला ती मदत करते. काम होतं आणि काही मिनिटांत तिचा गळा दाबला जातो. सुमारे १५ लाख डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमाने जगभरात जवळपास १० कोटी डॉलर कमावले. पुढचे भाग येणार हे उघडच होतं. अडचण एवढीच होती की लोकांना आवडलेली बाई मरून गेली होती.

मग मालिकेने तिच्यासाठी काळच उलटा फिरवला. २०१३च्या दुसऱ्या भागात ती आत्मा होऊन आली. २०१५च्या तिसऱ्या भागात गोष्ट तिच्या मरणाच्या आधी गेली. २०१८चा ‘द लास्ट की’ तर थेट तिच्या बालपणात शिरला. हा चौथा भाग प्रदर्शित झाला तेव्हा एलिसचं काम करणारी लिन शे ७४ वर्षांची होती, आणि सिनेमाची नायिका तीच होती. त्याने १६ कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. सुपरहिरोंच्या जमान्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या नावावर एवढी तिकिटं खपली, हे मला कुठल्याही भुतापेक्षा जास्त अचंबित करतं.

लिन शेची त्याआधीची कारकीर्द बघितली तर हे अजूनच विचित्र वाटतं. १९८४च्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मध्ये ती शाळेतली बाई होती, एका छोट्या प्रसंगात. हा सिनेमा काढणाऱ्या न्यू लाइन सिनेमाचा संस्थापक रॉबर्ट शे तिचा सख्खा भाऊ, म्हणजे वशिला म्हणावं तर तोही होता. पण मिळाले ते असलेच तुकडे. नव्वदच्या दशकात ती लोकांच्या लक्षात राहिली ती विनोदी सिनेमांमुळे. ‘किंगपिन’मध्ये ती घरमालकीण आहे. नायकाला तिच्यासोबत रात्र काढावी लागते आणि नंतर तो ओकतो, हा विनोद. ‘देअर्स समथिंग अबाउट मेरी’मध्ये ती उन्हात करपून चामड्यासारखी झालेली शेजारीण आहे. तिची कातडी, तिची छाती, कुत्र्याला तिने दिलेला मुका, हे सगळे विनोद. ‘मेरी’ आला तेव्हा ती ५४ वर्षांची होती.

१९६२ साली ‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’ आला तेव्हा बेटी डेव्हिसही ५४ वर्षांचीच होती. पांढराफटक मेकअप थापून लहान मुलीसारखी नाचणारी ती बाई एवढी गाजली, की उतारवयाच्या नट्यांना वेड्या, खुनशी बायका बनवणाऱ्या सिनेमांची पुढे रांगच लागली. म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या शरीराचे दोनच उपयोग पडद्याला माहीत होते: हसायचं, नाहीतर दचकायचं. सुरकुती तीच, फक्त पार्श्वसंगीत वेगळं.

हॉररने हा खेळ सोडला असं अजिबात नाही. पहिल्या ‘इन्सिडिअस’मध्येच काळा पोशाख, पांढरा चेहरा अशी एक भुताची म्हातारी आहे. जॉश लॅम्बर्टच्या लहानपणापासूनच्या फोटोंमध्ये ती दर वेळी थोडी थोडी जवळ येत गेलेली दिसते. हे काम फिलिप फ्रीडमन या पुरुष नटाने केलंय. आपल्याला घाबरवायला खरी म्हातारीही लागत नाही, म्हातारीचा मुखवटा पुरतो. याच सिनेमात दुसरी म्हातारी एलिस आहे, आणि एक आपल्याला ज्यातून पळवते, त्यातून दुसरी वाट दाखवते.

ती नेमकं काय करते? आधी ऐकते. रेनेला घरात आवाज येतात, माणसं दिसतात. तिचा नवरा जॉश वाईट नाही, तिच्या सांगण्यावरून घरसुद्धा बदलतो. पण शाळेत पेपर तपासायचेत म्हणून रोज उशिरा येणारा हा माणूस बायकोच्या भीतीजवळ बसत मात्र नाही. एलिस बसते. घाबरलेल्या माणसाला ती ‘तुला भास होतोय’ असं म्हणत नाही. लिन शेने हे काम डोळे न वटारता, आवाज न चढवता केलंय. शेजारच्या काकू तब्येतीची चौकशी करतात तसं ती सैतानाबद्दल बोलते. लोकांना ती परत परत का हवी होती, याचं माझं उत्तर हे आहे. भुताच्या सिनेमात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट भूत नसते, ऐकून घेणारं माणूस असतं.

इथे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक घंटा वाजायला हवी. माझ्या वाजली. एलिस म्हणजे शेवटी मांत्रिकच ना? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली पुण्यात खून झाला आणि त्यानंतर इथे जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या राज्यातल्या, भुतावर काडीचा विश्वास नसलेल्या माझ्यासारख्या इंजिनीअरने ‘घाबरलेल्यावर विश्वास ठेवा’ असं म्हणणं म्हणजे भोंदूंना दार उघडून देणं नाही का?

याचं उत्तर मला माझ्या कामात सापडतं. आमच्याकडे बगचं तिकीट येतं: ‘सर्व्हर बंद पडलाय.’ बघितलं तर सर्व्हर मस्त चालू असतो. आळशी इंजिनीअर ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं लिहून तिकीट बंद करतो. शहाण्या इंजिनीअरला माहीत असतं की तिकिटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, त्या माणसाला काहीतरी दिसलं. दोन, त्याने त्याचं कारण लावलं. कारण बहुतेक वेळा चुकलेलं असतं. पण दिसलं ते दिसलं. घाबरलेल्या माणसाचंही तसंच आहे. ‘मला त्या खोलीत भीती वाटते’ हा रिपोर्ट आहे, ‘त्या खोलीत भूत आहे’ हे निदान. निदान नाकारायचा मला पूर्ण हक्क आहे. रिपोर्ट फेकून द्यायचा नाही.

गंमत म्हणजे हा फरक ज्या सिनेमाने सगळ्यात नीट दाखवलाय तो भुतांनी भरलेला आहे: ‘द लास्ट की’.

एलिसचं बालपण न्यू मेक्सिकोत, तुरुंगाच्या शेजारच्या घरात गेलेलं. वडील तुरुंगातच नोकरीला. मुलीला मेलेली माणसं दिसतात. ‘दिसत नाहीत म्हण’ असा वडिलांचा हट्ट, आणि ती खोटं बोलायला तयार नसल्यामुळे छडीचे फटके. किशोरवयात एके दिवशी तिला घरात कपडे धुण्याच्या खोलीत एक बाई दिसते. तिच्या लेखी आणखी एक भूत. वडील पुन्हा हात उचलतात आणि एलिस घर सोडून पळून जाते, धाकट्या भावाला तिथेच टाकून.

कित्येक दशकांनी त्या घरात आता राहणारा माणूस तिला फोन करतो, घरात भुतं आहेत म्हणून. ती जाते, आणि कळतं की त्या माणसाने तळघरात एका बाईला साखळीने बांधून ठेवलंय. जिवंत बाईला. मग जुन्या सुटकेसा सापडतात, त्यांत बायकांचे कपडे. एलिसला उमगतं की लहानपणी दिसलेली ती बाई भूत नव्हतीच. वडिलांनी तिलाही असंच कोंडलं होतं. ती जिवंत होती, सुटायचा प्रयत्न करत होती, आणि नंतर मारली गेली.

भुतं ओळखणाऱ्या बाईने एका जिवंत बाईला भूत समजण्याचा हा प्रसंग मला अख्ख्या मालिकेत सगळ्यात भयंकर वाटतो. मुलीचा रिपोर्ट अक्षरशः खरा होता: त्या खोलीत एक बाई होती. निदान तेवढं चुकलं. वडिलांनी मात्र रिपोर्टच मारून टाकला, कारण तो खरा असण्यात त्यांचंच नुकसान होतं. ‘तुला भास होतात’ हे वाक्य कोण म्हणतंय आणि त्याला काय लपवायचंय, हे विचारायला हवं ते यासाठी.

पण इथेच थांबले तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. कारण जिवंत बाईला भूत समजणं ही आपल्याकडे फक्त पटकथेतली कलाटणी नाही. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या काही गावांत बाईला ‘डाकीण’ ठरवण्याची प्रथा आहे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं तिच्याविरुद्ध काम करतायत. एखादं मूल दगावतं, गुरं मरतात, आजार हटत नाही. घरच्यांची भीती शंभर टक्के खरी असते. मग कोणीतरी निदान सांगतो आणि बोट एका बाईकडे जातं. अनेकदा ती विधवा असते, एकटी असते, वयस्क असते, कधी तिच्या नावावर थोडी जमीन असते. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीव घेणं. एखाद्या व्यक्तीला अशी करणी करणारी ठरवून छळणं हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. शहरात राहून आपण फार नाकं मुरडू नयेत. सून घरात आल्यावर कोणी गेलं तर तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणारी घरं शिकलेली असतात, त्यांच्याकडे वायफायही असतं.

म्हणून माझं म्हणणं असं: भीती माणसाला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क देते, बोट दाखवण्याचा देत नाही. पहिला हक्क नाकारणारा ‘द लास्ट की’मधला बाप होतो. दुसरा हक्क देणारा डाकीण ठरवणारा गाव होतो. दोन्हीकडे शेवटी मार खाते ती बाईच. आपण भोंदूपणाविरुद्ध बोलतो तेव्हा दुसऱ्याबद्दल सावध असतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या भरात समोरच्याला ‘भूत वगैरे काही नसतं, झोप’ एवढंच सांगून उठतो. भूत नसतं हे खरंच आहे. पण मग त्या खोलीत काय आहे? कोण आहे? कोण येतं तिथे? हे विचारायला देवावर, भुतावर, कशावरच विश्वास लागत नाही.

‘द लास्ट की’वर माझा एक राग आहे. बोटांच्या जागी किल्ल्या असलेला एक सैतान त्यात आहे. तो किल्ली गळ्यात खुपसतो आणि आवाजच बंद करून टाकतो. कल्पना जबरदस्त आहे. पण बापाने आणि त्या दुसऱ्या माणसाने जे केलं त्यामागे या सैतानाचाच हात होता, असं सिनेमा सुचवतो आणि बाप थोडा सुटतो. मला हे पटत नाही. बायका कोंडून ठेवायला सैतान लागत नाही, बाहेरून कडी लागते. लिन शेचा चेहरा हे पटकथेपेक्षा जास्त जाणतो असं मला वाटतं. सुटकेसा बघताना तिच्या चेहऱ्यावर भुताची भीती नाही. आपण त्या बाईला तेव्हा नाव का नाही विचारलं, हा प्रश्न तिथे दिसतो.

एखादा भुताचा सिनेमा वाईट असो की चांगला, मी आता त्यात एवढंच बघते. पांढरे केस मोकळे सोडलेली बाई कोपऱ्यात उभी आहे. तिच्यावर किंचाळायला आपल्याला फार सराव आहे. ‘तुम्ही कोण, इथे कशा?’ असं तिला विचारणारं कोणी त्या सिनेमात आहे का?