ताट कुणाच्या दारात जातं?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की मुंबई-गोवा महामार्गाला भरती येते. गाड्या महाड मागं टाकतात, पोलादपूरला चहापुरत्या थांबतात. काही आंबेनळी घाटानं महाबळेश्वरकडं वळतात, उरलेल्या कशेडी ओलांडून गोव्याची वाट धरतात. भाताची झोडणी उरकलेली असते, त्याच शेतात वाल वर आलेला असतो. इथल्या बहुतेकांच्या लेखी नाताळ म्हणजे दारावरून जाणारी ही वर्दळ. सण दुसऱ्यांचा आणि दुसरीकडचा.

या सणाच्या मुळाशी जी गोष्ट आहे, ती जागा न मिळाल्याची आहे. मरीयेचे दिवस भरले होते, पण बेथलेहेमच्या सराईत तिला आणि योसेफाला जागा नव्हती. जन्मलेलं बाळ गव्हाणीत निजवावं लागलं. उपऱ्यासारख्या जन्मलेल्या त्या बाळासाठी जगभर ताटं वाढली जातात, आणि प्रत्येक मुलूख त्यात आपलंच पीकपाणी वाढतो. इथिओपियात आधी कित्येक दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात आणि जानेवारीतल्या त्यांच्या नाताळाला झणझणीत कोंबडीच्या रश्श्यावर उपास सोडतात. केरळात सकाळच्या पानात अप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू असतो. गोव्यात तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास घोटून दोदोल होतो. एक थर भाजल्यावर त्यावर दुसरा ओतायचा, अशा सबुरीनं बिबिंका होते. नेवरी तर आपल्या करंजीची सख्खी बहीण.

बाहेरून आलेलं इथलंच होऊन जाणं आपल्या रायगड जिल्ह्यातही घडलंच आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडं कोर्लई आहे. १७४० साली पोर्तुगीजांनी चौलचा मुलूख मराठ्यांच्या हवाली केला आणि ते निघून गेले. कोर्लईचे ख्रिस्ती मात्र राहिले, आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली त्यांची बोलीही राहिली. घाटावर अहमदनगरकडच्या (आताच्या अहिल्यानगरकडच्या) मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, चिवडा होतो. दिवाळीचे डबे धुऊन ठेवेपर्यंत नाताळची कढई चढते. धर्म पॅलेस्टाइनहून आला असेल. फराळ इथल्याच शेतातला आहे.

या साऱ्या रीतींत मला मोलाची वाटते ती ताट पाठवण्याची. गोव्यात नाताळच्या गोडधोडाला कुस्वार म्हणतात. तो घरच्यांसाठी जितका केला जातो, तितकाच शेजाऱ्यांसाठी. त्यात हिंदू शेजारीही आलेच; चतुर्थीला, दिवाळीला त्यांच्याकडून ताट आलेलं असतं. पोलंडमधली रीत याच्याही पुढं जाते. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की घरचे जेवायला बसतात आणि एक पान जास्तीचं मांडतात. न सांगता कुणी दारात आलंच, तर त्याच्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळाला. १९४३ पासून १९४८ पर्यंत त्यांची छावणी तिथं होती. अनोळखी पाहुण्यासाठी पान मांडून ठेवणारी ही माणसं स्वतःच पाहुणी झाली, आणि त्यांच्यासाठीचं पान मराठी मुलखात मांडलं गेलं.

आता महाडकडं येऊ. १९२७ सालच्या २५ डिसेंबरला जग नाताळ करत होतं, तेव्हा या गावात माणसांना जागा मिळत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेला मांडव घालायला जमीन कुणी देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं. गावातल्या व्यापाऱ्यांनी माल विकायचं नाकारलं, तेव्हा शिधा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब सहकाऱ्यांसह पद्मावती बोटीनं दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. मार्चमध्ये त्यांनी अस्पृश्यांना बंद असलेल्या इथल्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, आणि त्यानंतर त्या तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं होतं. त्या पंचवीस डिसेंबरच्या रात्री मांडवासमोर मनुस्मृतीचं दहन झालं. दहनाचा ठराव मांडण्यात पुढं होते बापूसाहेब सहस्रबुद्धे, जन्मानं ब्राह्मण. पाण्याचा हक्क न्यायालयातून पक्का व्हायला मात्र १९३७ साल उजाडलं.

तारखांचा हा योगायोगच. पण एकाच दिवशी या दोन गोष्टी आठवल्या की एक जाणवतं : सराईत जागा नसणं ही फक्त बेथलेहेमची गोष्ट नाही. आपल्याकडं माणसाला बाहेर ठेवण्याचं काम भिंतींपेक्षा पाण्यानं आणि अन्नानं अधिक केलं. कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, यावर गावं विभागली गेली. धर्म बदलल्यानं हे आपोआप सुटलं असंही नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजातही जात टिकून राहिली.

ते सुटतं ते घराघरांत, एकेका माणसाच्या मनात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतरही आपलं सोवळं सांभाळलं. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग एके दिवशी त्यांनी स्वतःलाच विचारलं की हे भेद देवानं केले की माणसानं? उत्तर मिळालं, आणि तेव्हापासून त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. लक्षात घ्या, त्या ख्रिस्ती झाल्या त्या यानंतर. आधी शिवाशीव गेली, धर्मांतर मागाहून झालं.

ताट पाठवायला थोडं मोठं मन पुरतं. आलेलं ताट खायला त्याहून मोठं लागतं. दारात आलेला डबा हसून घेणारी आणि आणणारा गेल्यावर तो तसाच कामवाल्या बाईंच्या हाती देऊन टाकणारी घरं आजही आहेत. शुभेच्छा दिल्या जातात, फोटोही निघतात. करंजी मात्र तोंडापर्यंत पोहोचत नाही. पाठवणाऱ्याला हे कळत नसेल असं समजू नये. कळतं, आणि पुढच्या वर्षी तो डबा पाठवायचा की नाही याचा विचार करतो.

म्हणून या नाताळात, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक सणात, दोन गोष्टी करून पाहू. आपल्या घरचं एक ताट अशा दारात पाठवू, जिथं ते आजवर कधी गेलं नाही. आणि तिथून जे येईल, ते घरातल्या सगळ्यांच्या पानात वाढू, मुलांच्या आधी आपण खाऊ आणि डबा परत देताना काय आवडलं ते नाव घेऊन सांगू.