तपशील आणि साक्ष : सिनसिनाटीच्या जुन्या छायाचित्रांच्या निमित्ताने

जुन्या छायाचित्रांविषयी सध्या जी चर्चा चालते तिच्यात उत्साह भरपूर आणि विवेक थोडा असतो. एकोणिसाव्या शतकातले एखादे छायाचित्र घ्यायचे, संगणकाच्या साहाय्याने ते कितीतरी पटींनी मोठे करायचे, त्यात रंग भरायचे, चेहऱ्यांना हालचाल द्यायची आणि मग भूतकाळ जिवंत झाल्याचे जाहीर करायचे, असा हा रिवाज पडून गेला आहे. छायाचित्र ही भूतकाळाकडे उघडणारी खिडकी असून काच जितकी स्वच्छ तितके पलीकडचे जग स्पष्ट, ही समजूत या रिवाजाच्या मुळाशी आहे. ती इतकी सोयीची आहे की तिला मत म्हणूनही कोणी ओळखत नाही. परंतु छायाचित्रात माणसे असतात तेव्हा ही समजूत निरुपद्रवी राहत नाही, म्हणूनच तिचा सविस्तर प्रतिवाद करणे आवश्यक ठरते.

या समजुतीला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या एका चित्रमालिकेचा. १८३९ साली दागेरची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियात जोसेफ सॅक्स्टनने सेंट्रल हायस्कूलच्या इमारतीचे व रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचे छायाचित्र घेतले, हा इतिहास परिचित आहे. या पद्धतीतल्या चित्राला दागेरोटाइप म्हणतात. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून त्याला आयोडिनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात त्यावर प्रकाश पाडायचा आणि पाऱ्याच्या वाफेने प्रतिमा उमटवायची, असे तिचे तंत्र होते. तिच्यात निगेटिव्ह नसते, त्यामुळे प्रत्येक पत्रा एकमेव असतो. आणि प्रतिमेचे कण इतके सूक्ष्म असतात की नुसत्या डोळ्यांना जे ठिपक्याएवढे भासते तेच सूक्ष्मदर्शकाखाली अक्षर किंवा खिडकी म्हणून ओळखू येते.

चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर या दोन छायाचित्रकारांनी १८४८ साली अशा आठ पत्र्यांवर सिनसिनाटीचा नदीकाठ उतरवला. दोन वर्षांनी झालेल्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १,१५,४३५ भरली आणि ते अमेरिकेतले सहाव्या क्रमांकाचे शहर ठरले; डुकरांच्या मांसाच्या व्यापारामुळे त्याला ‘पोर्कोपोलिस’ असे टोपणनावही मिळाले होते. काठाला लागलेल्या वाफेच्या बोटी, त्यांच्या मागे चढत जाणारी वखारी-दुकानांची रांग आणि तिच्यावर डोके काढणारी चर्चची शिखरे या आठ पत्र्यांत सलग दिसतात. रॉचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयातील तज्ज्ञांनी हे पत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे वाचता आली आणि पत्र्यावर जेमतेम एक मिलिमीटर जागा व्यापणाऱ्या एका घड्याळात दुपारचे दोन वाजायला आल्याचे दिसले. हे काम असामान्य आहे आणि त्याविषयी आदर बाळगल्याविना पुढचे काही बोलणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि या कामातून जो निष्कर्ष सर्रास काढला जातो तो चुकीचा आहे. प्रतिमा पुरेशी मोठी केली की ती स्वतःच बोलू लागते, असे खिडकीवादी मानतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. घड्याळाने वेळ सांगितली, पण दिवस सांगितला नाही. या मालिकेची तारीख २४ सप्टेंबर १८४८, म्हणजे एक रविवार, अशी मानली जाते. ती पत्र्यावर लिहिलेली नाही. चित्रातल्या बोटींची नावे, त्या बोटींच्या ये-जा करण्याच्या नोंदी आणि नदीच्या पाण्याच्या पातळीची माहिती यांचा मेळ घालून ती ठरवावी लागली. याचा अर्थ असा की ज्या एका गोष्टीचा सर्वाधिक गाजावाजा झाला तीसुद्धा कागदांनी सांगितली. पत्र्याने फक्त त्या कागदांना प्रश्न विचारण्याची संधी दिली. ते कागद नष्ट झाले असते, तर शंभरपट वर्धनाने देखील घड्याळातले दोन हे कुठल्या तरी दिवसाचे दोनच राहिले असते.

खिडकीवादाची दुसरी अडचण याहून गंभीर आहे. फाँटेन आणि पोर्टर यांचा कॅमेरा सिनसिनाटीत नव्हता. तो नदीच्या दक्षिण काठावरच्या न्यूपोर्ट या गावी उभा होता. न्यूपोर्ट केंटकी राज्यात येते आणि केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती. समोरच्या ओहायो राज्यात तिला मनाई होती. म्हणजे जिथे माणूस विकता येत असे त्या भूमीवर उभे राहून, जिथे तो विकता येत नसे त्या भूमीचे हे चित्र घेतलेले आहे. दोहोंमधले पाणी चित्रात आहे, परंतु त्या पाण्याला त्या काळच्या माणसाच्या आयुष्यात जो अर्थ होता तो चित्रात कुठेही नाही. याच नदीकाठच्या सिनसिनाटीत अनेक वर्षे राहिलेल्या हॅरिएट बीचर स्टो यांनी पुढे ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीविरोधी कादंबरी लिहिली, आणि १८५६ साली मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री आपल्या कुटुंबासह गोठलेली हीच नदी ओलांडून या शहरात आली व पकडली गेली. पत्र्यावर या नदीचे काठ स्वच्छ आहेत, पाणी चकचकीत आहे आणि त्या काळच्या अमेरिकेतली सर्वांत भयंकर सीमारेषा संपूर्ण अदृश्य आहे. वर्धनाने ती दिसणार नाही, कारण ती लहान आहे म्हणून दिसत नाही असे नव्हे. ती प्रकाशाने उमटणाऱ्या वस्तूंपैकीच नाही.

तिसरी अडचण स्थिरतेची आहे. आरंभीच्या छायाचित्रात जे स्थिर राहिले ते रेखीव उतरले आणि जे हलले ते पुसट झाले किंवा नाहीसे झाले. लेन्स व रसायने सुधारत गेली तसा हा दोष कमी झाला हे खरे, पण नाहीसा झाला नाही. इमारत स्थिर असते, पायरीवर टेकून उभा राहिलेला गृहस्थ बराचसा स्थिर असतो. पिंपे गडगडवत नेणारा हमाल नसतो. त्यातून दिवस रविवारचा, म्हणजे गोदीवरचे काम मंदावण्याचा. सबब, चित्रात दिसणाऱ्या शांत, नीटनेटक्या नदीकाठावरून त्या शहराच्या श्रमजीवनाविषयी जो कोणी अनुमान काढील त्याची फसगत ठरलेली आहे.

इथे एक भेद स्पष्ट करावा लागतो, आणि या विषयावरचा सारा गोंधळ तो न केल्यामुळेच माजला आहे. तपशील आणि साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणाच्याही इच्छेवाचून प्रकाशाने पत्र्यावर जे ठेवले तो तपशील होय. ज्याच्या मागे कोणी माणूस उभा आहे, जे कोणी तरी स्वतःबद्दल किंवा इतरांबद्दल जाणूनबुजून मांडले आहे आणि म्हणून ज्याची उलटतपासणी होऊ शकते, ती साक्ष होय. तपशील खोटे बोलत नाही, कारण तो बोलतच नाही. साक्ष खोटी असू शकते, आणि नेमके त्यामुळेच ती खरीही असू शकते. सिनसिनाटीच्या आठ पत्र्यांत तपशील अपार आहे. त्या काठावर उभ्या असलेल्या माणसांची साक्ष मात्र त्यात नाही. कोणी तरी आपले चित्र घेत आहे याची कल्पनाही त्यांतल्या बहुतेकांना नसणार.

हा भेद त्या शहरापुरता निव्वळ तात्त्विक नव्हता. ओहायोत गुलामगिरी नसली, तरी १८०७ च्या कायद्याने तिथे वस्तीला येणाऱ्या कृष्णवर्णीयाला ५०० डॉलरची हमी मागितली होती आणि ज्या खटल्यात एक पक्ष गोरा असेल त्यात साक्ष देण्यास कृष्णवर्णीयांना बंदी केली होती. १८४१ च्या दंगलीत सिनसिनाटीतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर तोफ डागली गेली. साक्षीवरची बंदी उठली १८४९ साली, म्हणजे हे पत्रे घेतल्याच्या पुढच्या वर्षी. कॅमेऱ्याने काठ टिपला त्या दिवशी, त्या चित्रात कोणी कृष्णवर्णीय उभा असेलच, तर न्यायालयात गोऱ्या माणसाविरुद्ध एक शब्द उच्चारण्याचा अधिकार त्याला नव्हता.

त्याच १८४९ साली जेम्स प्रेस्ली बॉल हा तरुण सिनसिनाटीत परतला. व्हर्जिनियात स्वतंत्र माणूस म्हणून जन्मलेला हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार ही कला बॉस्टनच्या जॉन बेली या दुसऱ्या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराकडून शिकला होता. १८४५ साली याच शहरात काढलेला त्याचा पहिला स्टुडिओ चालला नव्हता. पण पन्नाशीच्या दशकात त्याची गॅलरी देशातल्या नामांकित गॅलऱ्यांत गणली जाऊ लागली आणि तिथे गोरे व काळे दोन्ही गिऱ्हाईक येऊ लागले. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांचे छायाचित्रही १८६७ च्या सुमारास बॉलने घेतले. त्याच्या स्टुडिओत उतरलेल्या एखाद्या व्यक्तिचित्रात तपशील म्हणावा तर तुटपुंजा असतो : साधी पार्श्वभूमी, एक खुर्ची, नेटका कोट, गुडघ्यावर ठेवलेले हात. शहराचा एकही दगड त्यात नसतो. पण तो माणूस स्वतःच्या पायांनी तिथे आला, त्याने पैसे मोजले, कोणता कोट घालायचा ते ठरवले आणि आपल्याला कसे पाहिले जावे हे आपल्या शरीराने सांगत तो निश्चल बसला. साक्षीचा हक्क ज्या समाजाला नुकताच मिळाला होता, त्यातल्या माणसाने केलेले ते निवेदन आहे, आणि सिनसिनाटी हे कसले शहर होते हे आठ पत्र्यांहून ते अधिक सांगते.

स्टुडिओतले चित्र तर रचलेले असते, कोट उसना असू शकतो, खुर्ची छायाचित्रकाराची असते, हा आक्षेप खरा आहे पण गैरलागू आहे. रचना आहे म्हणूनच तिथे निवेदन आहे. हा भेद सर्व व्यक्तिचित्रांना सरसकट लागू होत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. १८५० साली दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात लुई अगासी या शास्त्रज्ञासाठी जोसेफ झीली याने गुलाम स्त्री-पुरुषांना विवस्त्र करून त्यांचे दागेरोटाइप घेतले. समोर बसलेल्यांना नकाराचा अधिकार नव्हता. तेव्हा त्या चित्रांत साक्ष असलीच तर ती चित्रे घेवविणाऱ्याविरुद्धची आहे. प्रत्येक छायाचित्र म्हणजे केवळ सत्तेचे हत्यार, असे म्हणणाऱ्यांना झीली आणि बॉल यांच्यातला फरकच सांगता येत नाही, म्हणून त्या मताचा इथे अधिक विचार करण्याचे कारण नाही. जुन्या इमारतींच्या चित्रांवर नुसते हळहळणाऱ्यांचे तर काही मतच नसते.

यातून व्यवहारासाठी निघणारा नियम कठोर आहे. वर्धन करावे, कारण त्याने तपशील वाढतो आणि कागदांना विचारायचे प्रश्न वाढतात. रंग भरू नयेत आणि चेहरे हलवू नयेत, कारण त्याने तपशीलही वाढत नाही व साक्षही मिळत नाही. आजचा एक अंदाज मृत माणसाच्या चेहऱ्यावर बसवला जातो आणि त्याने स्वतः जे निवेदन केले होते ते बदलून टाकले जाते. ज्याने स्थिर बसण्याचे ठरवले त्याला मान हलवायला लावणे, हा त्याच्या साक्षीत केलेला फेरफार आहे. संग्रहालयांनी चित्राखालच्या मजकुरात पत्र्यावरून काय दिसते, कागदांवरून काय ठरले आणि चित्रातल्या माणसाने स्वतः काय मांडले, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या पाहिजेत. चित्रातला माणूस आपल्या इच्छेने तिथे आहे की नाही, हा प्रश्न चित्र किती स्पष्ट आहे या प्रश्नाच्या आधी विचारला गेला पाहिजे. तो विचारला जात नाही तोवर प्रतिमा कितीही मोठी केली, तरी तिच्यातल्या माणसांविषयीचे ज्ञान तसूभरही वाढणार नाही.