मागी आणि हेरोद एकाच गलबतात



आज आपण प्रभुप्रकटीकरणाचा सण साजरा करीत आहोत. वसईची खाडी ओलांडून दक्षिणेला गेले की धारावी बेट लागते. उत्तन, गोराई, मनोरी ही त्या बेटावरची कोळ्यांची व शेतकऱ्यांची गावे. त्यांतील गोराईचे चर्च मागी लोकांनाच समर्पित आहे. परदेशातून आलेल्या ज्ञानी पुरुषांचे नाव या बेटावरच्या गावाने आपले मानले, यावर आज थोडे चिंतन करू या.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यांच्या गलबतांतून शुभवर्तमान आले, तशा तोफाही आल्या. गोराईच्या खाडीपलीकडे बोरिवलीला मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. १६व्या शतकात त्या देवस्थानाचे चर्च करण्यात आले. तेथे पिढ्यान् पिढ्या बेल वाहणाऱ्यांच्या मनाला काय यातना झाल्या असतील! ते लोकही आपलेच पूर्वज होते, हे विसरू नये.

कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलांना कधीकधी ऐकावे लागते, ‘तुमचा धर्म फिरंग्यांचा.’ कुणी मान खाली घालतो, कुणी भांडायला उठतो. दोन्हींची गरज नाही. एखादी गोष्ट आपल्यापर्यंत कशी आली हा एक प्रश्न आणि ती सत्य आहे का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लपवू नये. पण तेच दुसऱ्याचे उत्तर आहे असेही समजू नये.

शुभवर्तमानात बाळ येशूचा शोध दोघे घेतात. मागी लोक सोने, ऊद व गंधरस अर्पण करतात आणि काहीही न घेता परततात. हेरोदसुद्धा नमन करायचे आहे असेच म्हणतो. पण त्याला हवी असते सत्ता. आपल्या किनाऱ्याला लागलेल्या गलबतांत मागी होते आणि हेरोदही होता.

पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली. २०५ वर्षांची पोर्तुगीज सत्ता गेली. मग पेशव्यांचा अंमल आला, १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली. ते तर प्रॉटेस्टंट! म्हणजे कॅथलिक राहण्यासाठी आता ना कुणाचे भय होते, ना फायदा. तरीही जाळी विणणाऱ्या आणि भात लावणाऱ्या आपल्या माणसांनी क्रूस सोडला नाही. घरोघरी मराठीतच प्रार्थना होत राहिली. हेरोद निघून गेला, बाळ मात्र येथेच राहिले. ही श्रद्धा आता कुणाची उसनी नाही.

परंतु हेरोद फक्त इतिहासात नसतो. आज आपल्या किनाऱ्यावरच्या बोटींवर परप्रांतातून आलेले खलाशी राबतात. आपल्या चाळींत परके भाडेकरू राहतात. त्यांची मजुरी आपण वेळेवर देतो का? त्यांच्या देवाविषयी आदराने बोलतो का? ज्यांच्या पूर्वजांनी सत्तेचा जाच सोसला, त्यांच्या हाती आज थोडी सत्ता आली आहे. तिचा उपयोग आपण कसा करतो, यावरून लोक आपला ख्रिस्त ओळखतील.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने अशा एका परक्या माणसाला घरी जेवायला बोलवावे. मागी लोकांप्रमाणे आपणही हेरोदाची वाट सोडून दुसऱ्या वाटेने घरी परतावे, हीच प्रभूचरणी प्रार्थना.

आपला धर्मगुरू